आधी थोडं बंद कर

आईच्या टेबलावर माऊस रुमालाखाली झाकून ठेवलेला होता. आमच्या घरी बंद पडलेली वस्तू अशीच ठेवतात. रेडिओ बोलेनासा झाला तेव्हा त्याच्यावर भरतकामाचा रुमाल आला, शिवणयंत्र थांबलं तेव्हा जुन्या साडीचं आवरण आलं. त्यामुळे सांगलीला पोचल्या पोचल्या तो रुमाल दिसला आणि मी विचारलं, "याला काय झालं?"

"चार महिने झाले. सेल संपलाय."

"मग बदलायचा ना!"

"झाकण उघडत नाही गं," आई म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.

आई अठ्याहत्तर वर्षांची आहे. आमच्या गल्लीत बायकांचं एक लहानसं वाचनालय आहे, त्याचं काम ती बघते. जुन्या दाखल नोंदवहीतली पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवण्याचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं. दाखल अंक, पुस्तकाचं नाव, लेखक, किंमत, शेरा. रोज दहा-पंधरा पुस्तकं. दाखल अंक १११२ पर्यंत यादी आली आणि थांबली. पुढची पुस्तकं तिने फुलस्केप वहीत पट्टीने रेघा मारून, पाच रकाने पाडून लिहिली होती. माऊस चालू झाला की चढवायची म्हणून. चार महिन्यांत दोन वह्या भरल्या होत्या.

आम्ही रोज रात्री फोनवर बोलतो. भाजी काय केली, गुडघा कसा आहे, पाऊस किती पडला, सगळं बोलतो. यातलं एक अक्षर ती बोलली नव्हती. "मला सांगायचं नाहीस का?" असं विचारलं तर म्हणाली, "सांगून काय करणार होतीस ठाण्याहून? आणि झाकण उघडायला कुणाला बोलवायचं असतं का?"

हे वाक्य त्या दिवसापासून माझ्या मनातून जात नाही. नळ गळला तर प्लंबरला बोलावता येतं. गॅस पेटत नसेल तर माणूस येतो, त्याचे पैसे ठरलेले असतात, कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. पण बोटभर लांबीच्या झाकणासाठी शेजारच्या बारावीतल्या मुलाला हाक मारायची, तर आईसारख्या बाईची जीभ उचलत नाही. मदत मागावी एवढं ते काम मोठं नसतं आणि तिच्या अंगठ्याला तर ते जमत नाही. म्हाताऱ्या माणसांची किती कामं अशी मधल्यामध्ये अडकून राहत असतील! आपल्याला कळत नाहीत, कारण त्यांच्यावर रुमाल असतो.

चहा झाल्यावर मी माऊस हातात घेतला. तारेचा माऊस टेबलावरच्या वह्यांत अडकतो म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच हा बिनतारी आणून दिला होता. पालथा केला. काळ्या प्लास्टिकमध्ये काळंच झाकण, आणि त्याच्यावर काळाच बाण. रंग नाही, नुसता उठाव. खिडकीपाशी नेऊन तिरपा धरला तेव्हा कुठे तो दिसला. अंगठ्याचं पेर त्या बाणावर ठेवायचं, आत दाबायचं, आणि दाब न सोडता बाणाच्या दिशेने सरकवायचं. म्हणजे एकाच अंगठ्याने एकाच वेळी दोन दिशांना जोर लावायचा.

अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असलेल्या माणसाला नेमकं हेच जमत नाही. चिमटीत किल्ली धरून फिरवताना, बाटलीचं टोपण दाबून वळवताना कळ येते ती याच सांध्यात. आई पोळ्या अजूनही लाटते, कारण लाटण्यावर सगळा तळवा असतो. कपडे पिळते, कारण पिळताना दोन्ही मनगटं कामाला येतात. या झाकणाला मात्र तळवा चालत नाही, मनगट चालत नाही. त्याला एकटा अंगठा लागतो, आणि तोही तिशीतला.

माझा अंगठा तिशीतला नाही, पण अजून दुखत नाही. मी दाबलं, सरकवलं. झाकण हललं नाही. अंगठा पुसून पुन्हा दाबलं. पकड यावी म्हणून अंगठ्याला रबर बँड गुंडाळला. झाकण केसभर सरकल्यासारखं वाटलं आणि अडलं. मग मी स्वयंपाकघरातून सुरी आणली.

"सुरी ठेव खाली," आई म्हणाली. "हाताला लागेल. आणि त्या फटीला एकदा सुरी लागली की ते कायमचं ढिलं होईल."

तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. अशा झाकणाच्या एका टोकाला दोन बारीक जिभल्या असतात आणि दुसऱ्या टोकाला आकडा. त्या आकड्याचं प्लास्टिक जेमतेम एखादा मिलिमीटर वाकतं, खाचेतून सुटतं आणि परत सरळ होतं. ना स्क्रू, ना स्प्रिंग, सगळी भिस्त प्लास्टिकच्या लवचिकपणावर. सुरी घातली की आकडा तुटतो. मग ते झाकण चिकटपट्टीवर जगतं. घरोघरचे टीव्हीचे रिमोट पाहा, किती जणांच्या पाठीवर चिकटपट्टी आहे!

आईने चष्मा पुसला आणि माऊस माझ्या हातातून घेतला. तिने जोर लावून पाहिला नाही. नुसतं बोट फिरवून झाकणाची कड चाचपली.

"इथे वर आलंय बघ," ती म्हणाली.

खरंच आलं होतं. एका बाजूने झाकण बाकीच्या पाठीपेक्षा किंचित उचललेलं होतं. डोळ्याला न दिसणारं, पण बोटाला लागणारं. आतून काहीतरी त्याला वर रेटत होतं.

"फिरकीच्या तांब्याचं झाकण अडलं की काय करायचो आपण?"

फिरकीचा तांब्या हल्ली कुणाकडे दिसत नाही. पितळेचा, पोट सुटलेला, तोंडाला आटे पाडलेले आणि वर फिरवून बसवायचं झाकण. एसटीच्या प्रवासात तो आमच्याबरोबर असायचाच. पितळेचे आटे मऊ. झाकण एकदा वाकडं बसलं की उघडता उघडत नसे. मोठी माणसं दात-ओठ खाऊन उलटं पिळत बसायची आणि ते आणखी घट्ट व्हायचं. आई तो तांब्या मागून घ्यायची, पदराने धरायची आणि झाकण आधी बंद करायच्या दिशेने थोडं फिरवायची. अगदी गव्हाच्या दाण्याइतकं. मग उलट दिशेने. उघडायचं.

"आधी थोडं बंद कर," आई म्हणाली.

सायकल दुरुस्त करणाऱ्यांनाही हे माहीत असतं. गंजलेली नटं ते आधी जराशी आवळतात, त्याने गंजाची पकड मोडते, मग सोडवतात. माझ्या हातातल्या माऊसचंही दुखणं तेच होतं. आतून कशाचा तरी रेटा आल्यामुळे आकडा खाचेत घट्ट दाबून बसला होता. मी सरकवायला जोर लावत होते, पण आकडा सुटण्याइतकं झाकण खाली जातच नव्हतं. दाब जितका जास्त, तितकं घर्षण वाढतं. तो आतला रेटा आधी परतवायला हवा होता.

भांडी घासायचा रबरी हातमोजा घातला. माऊस टेबलावर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवला. तळव्याने झाकण सगळ्या अंगाने खाली दाबलं आणि आधी बाणाच्या उलट दिशेला, बंद करायच्या बाजूला, ढकललं. आतून बारीकसा आवाज आला, पापड मोडल्यासारखा. मग तसंच दाबून धरून बाणाच्या दिशेने रेटलं. झाकण सुटून टॉवेलवर पडलं.

आत पांढरं फटक काहीतरी साचलेलं होतं. सेलच्या सपाट टोकाला, स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये, झाकणाच्या आतल्या कडेला. कुठे पिठीसारखं, कुठे मिठाच्या खड्यांसारखं. "बुरशी लागली?" आईने विचारलं.

बुरशी नव्हती, सेल फुटून गळला होता. आज ज्याला आपण अल्कलाईन पेन्सिल सेल म्हणतो, त्याच्या पोटात जस्ताची पूड आणि मँगनीज डायऑक्साइड असतं, आणि त्या दोघांना भिजवणारं पोटॅशियम हायड्रॉक्साइड. हा दाहक अल्कली आहे, कातडीला आणि डोळ्याला इजा करतो, म्हणून हातमोजा काढायचा नाही आणि तो हात चेहऱ्याकडे न्यायचा नाही. सेल संपत आला की आत हायड्रोजन साठू लागतो. संपलेला सेल तसाच उपकरणात राहिला तर दाब वाढत जातो, शेवटी टोकाचं सील सुटतं आणि आतला द्राव बाहेर येतो. बाहेर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याची गाठ पडते आणि त्याचं पोटॅशियम कार्बोनेट होतं. तीच ही पांढरी पिठी.

म्हणजे काय झालं ते माझ्या लक्षात आलं. चार महिन्यांपूर्वी सेल संपला तेव्हा झाकण ठीकच होतं, फक्त आईच्या अंगठ्याला ते उघडत नव्हतं. उघडलं नाही म्हणून संपलेला सेल आत राहिला. राहिला म्हणून फुगून गळला. गळला म्हणून पिठी धरली, आणि मग ते झाकण माझ्याही अंगठ्याला उघडेनासं झालं. पहिला दोष ते झाकण करणाऱ्याचा, आणि दुसरा त्यातून जन्मलेला. त्या माणसाने एकदा, फक्त एकदा, आपल्या आजीच्या हातात तो नमुना द्यायला हवा होता.

फ्रीजमधून अर्धं लिंबू आणलं. अल्कलीवर आम्ल, एवढं शाळेतलं रसायनशास्त्र आम्हा दोघींना पुरेसं होतं. कान साफ करायच्या काडीच्या बोळ्यावर दोन थेंब घेऊन मी स्प्रिंगला लावले आणि पांढऱ्यावर बारीक बुडबुडे उठले. "सोड्यात लिंबू पिळल्यासारखं," आई म्हणाली. अगदी तसंच, कारण कार्बोनेटवर आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, सोड्यात काय किंवा इथे काय. बुडबुडे थांबेपर्यंत लावलं. मग काडी पाण्यात बुडवून, पिळून, दोनदा पुसलं. कोरडं झाल्यावर तिच्या टेबलावरच्या खोडरबरचा कोपरा घेऊन सेलला टेकणाऱ्या पत्र्याच्या तुकड्यावर घासलं, तशी खालची चमक वर आली.

सेलकडे बघताना बाबा आठवले. त्यांच्या ट्रान्झिस्टरला मोठे सेल लागायचे. आमच्या भाषेत बॅटरी म्हणजे हातात धरायची, उजेड पाडायची ती. तिच्या पोटात घालायचे ते सेल. दुकानात आजही आई "बॅटरीचे सेल द्या" असंच म्हणते. ट्रान्झिस्टरचा आवाज बसला की सेल गच्चीवर उन्हात ठेवायचे. ऊन खाल्लेले सेल संध्याकाळच्या बातम्यांपुरते बोलायचे. उबेने आतली रासायनिक क्रिया तेवढ्यापुरती जोर धरते, हे पुढे कळलं. ते सेल जस्त-कार्बनचे. फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशेने १८६६ मध्ये केलेल्या ओल्या घटाची ती कोरडी नातवंडं. त्यांत जस्ताचं भांडं हेच सेलचं अंग असतं, आणि वीज देता देता ते भांडंच झिजत जातं. झिजून भोक पडलं की चिकट द्राव बाहेर.

म्हणून बाबा मे महिन्यात गावाला निघताना ट्रान्झिस्टरचं मागचं झाकण उघडून सेल काढून ठेवत. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून, कपाटाच्या वरच्या खणात. कुलूप लावण्याआधीचं ते त्यांचं शेवटचं काम असे. गॅस बंद केला का, नळ बघितले का, सेल काढले का. ते झाकण महिन्या-दोन महिन्यांनी उघडलं जायचं, त्यामुळे ते कसं उघडतं हे घरात सगळ्यांच्या हाताला ठाऊक होतं. माऊसचा सेल कित्येक महिने चालतो. एवढ्या काळाने झाकणाकडे हात जातो तेव्हा ते कोणत्या बाजूला सरकतं हेच बोटं विसरलेली असतात.

पहिल्या माऊसला ना सेल होता, ना झाकण. अमेरिकेत डग्लस एंगलबर्ट यांच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये तो बनवला तेव्हा तो लाकडाचा ठोकळा होता. खाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन धातूची चाकं, वर एक बटण, आणि शेपटासारखी तार. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबर्ट यांनी माऊस भरसभेत चालवून दाखवला. माणसाची बुद्धी अवघड प्रश्नांना पुरी पडावी म्हणून यंत्राने हाताशी यावं, हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास होता. मला तो लाकडी ठोकळा फार प्रिय आहे. सुताराच्या हातची वाटावी अशी वस्तू आहे ती. चाकाचं काही बिनसलं तर पालथा केला की दिसणार. आजच्या माऊसच्या पोटात दिवा आणि इवलासा कॅमेरा असतो, तो टेबलाच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रं घेतो आणि त्यावरून हात कुठे सरकला ते ओळखतो. हे कौतुकाचंच आहे. एवढं कौशल्य ज्यांच्यापाशी आहे, त्यांना एक बोटभर झाकण नीट का करता येऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

काही झाकणं हट्टीच हवीत, हेही सांगते. चपट्या बटण-सेलवर चालणारी खेळणी, किल्लीचे रिमोट, वाजणारी शुभेच्छापत्रं, यांतला सेल लहान मुलाने गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजून निघते. असं झाकण स्क्रूने घट्ट बंद असणं हा जिवाचा प्रश्न आहे. अमेरिकेने २०२२ मध्ये यासाठी वेगळा कायदा केला. नातवंडं असलेल्या घरात त्या स्क्रूबद्दल कुरकुर करू नये. पण पेन्सिल सेलच्या झाकणाला कुणापासून काय राखायचं असतं? भिंतीवरच्या घड्याळाला तर झाकणच नसतं. मागे सेल उघडा बसलेला असतो आणि वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो. आईला तो बदलता येतो. स्टुलावर चढू नकोस एवढंच तिला बजावावं लागतं.

युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमानुसार, काही अपवाद सोडले तर, १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथल्या बाजारात येणाऱ्या उपकरणांतली लहान बॅटरी वापरणाऱ्याला स्वतःला काढता-घालता आली पाहिजे. हे वाचून मला बरं वाटलं. पण 'वापरणारा' म्हणताना कायद्याच्या डोळ्यांसमोर कुणाचा अंगठा असतो? तो आईचा असावा, अशी माझी मागणी आहे. आपल्याकडेही २०२२ पासून बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू आहेत. त्याआधीचे २००१ चे नियम शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांपुरते होते. आता पेन्सिल सेलही त्यात आले आणि वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आली. तो गळका सेल कुठे द्यायचा, हे त्या दुपारी आमच्या भागात मला कुणी सांगू शकलं नाही. मी तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठाण्याला घेऊन आले.

किराणा दुकानातून नवा सेल आणला. घालण्याआधी आईने तो आपल्या तळहातावर ठेवून स्प्रिंगकडे कोणतं टोक जाणार ते दोनदा विचारून घेतलं. पोटाखाली तांबडा उजेड लागला. पडद्यावरचा बाण थरथरला आणि चालू लागला. मी तिलाच झाकण चार वेळा काढून-लावून पाहायला सांगितलं. आता आतून रेटा नव्हता, आकडा मोकळा होता, तरी अंगठ्याने जमेना. मग तिने माऊस पोटाशी धरला, तळव्याची टाच झाकणावर ठेवली आणि सबंध हाताने ढकललं. उघडलं. तिची रीत तिनेच शोधली. मी भाचीची पांढरी नेलपॉलिश घेऊन त्या काळ्या बाणावर काडीने पांढरा बाण काढला. आता तो दारातूनही दिसतो.

आईने वही पुढे ओढली, चष्मा सारखा केला आणि दाखल अंक १११३ चढवायला घेतला.

तुमचे आई-वडील, आजी-आजोबा, कुणी मावशी किंवा काका एकटे राहत असतील, तर पुढच्या खेपेला गेल्यावर एवढं करा. त्यांच्या घरातली सेलवर चालणारी प्रत्येक वस्तू हातात घ्या. टीव्हीचा रिमोट, रक्तदाब मोजायचं यंत्र, बॅटरी, गजराचं घड्याळ, माऊस. झाकण उघडा, आत बघा, संपलेला किंवा वापरात नसलेल्या वस्तूतला सेल काढून घ्या. मग झाकण लावून ती वस्तू त्यांच्या हातात द्या आणि त्यांना उघडायला सांगा. ज्याचं उघडलं नाही ती वस्तू बदला. आणि कुठे रुमाल झाकलेला दिसला तर आधी तो उचला.